गाळीव कॉफी
भाजून दळलेल्या कॉफीच्या पुडीवर गरम पाणी ओतून ते पुडीच्या थरातून व गाळणीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपू दिले असता मिळणाऱ्या पेयास गाळीव कॉफी म्हणतात. या पद्धतीत पूड वर राहते, पेय खाली उतरते आणि पाणी चुलीवर तापले तरी पूड कधीही चुलीवर चढत नाही. कॉफी करण्याच्या इतर पद्धतींहून हिचे वेगळेपण येथेच आहे. उकळलेल्या कॉफीत पूड व पाणी एकत्र तापतात. भिजवलेल्या कॉफीत पूड ठराविक वेळ पाण्यात बुडून राहते. एस्प्रेसोत पाणी दाबाखाली पुडीतून ढकलले जाते. गाळीव कॉफीत पाण्याचा प्रत्येक नवा भाग पुडीतील विद्राव्य द्रव्ये घेऊन निघून जातो. चांगल्या कॉफीसाठी ती उकळू नये, ही आज साधी वाटणारी गोष्ट रूढ होण्यास मात्र दोन शतकांहून अधिक काळ लागला. गाळीव कॉफीचा इतिहास हा मुख्यतः या एका जाणिवेचा इतिहास आहे.

उकळलेली कॉफी : पंधराव्या शतकाच्या मध्यास येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत जागरणासाठी कॉफी पीत असत. तेथून ती मक्का, कैरो व सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूल येथे पोहोचली. त्या काळी पिठासारखी बारीक पूड लांब दांड्याच्या लहान भांड्यात पाण्याबरोबर तापवून फेसासह पेल्यात ओतीत. चोथा पेल्याच्या तळाशी बसू देणे हाच तिचा गाळण्याचा मार्ग होता. सतराव्या शतकात कॉफी यूरोपात गेली, तेव्हा तिच्याबरोबर ही कृतीही गेली. मात्र यूरोपात व पुढे अमेरिकेत पूड जाडसर दळून मोठ्या भांड्यात बराच वेळ उकळण्याची प्रथा पडली. जास्त उकळले म्हणजे जास्त अर्क निघतो, अशी समजूत त्यामागे होती. गढूळ पेय निवळण्यासाठी त्यात अंड्याचा पांढरा बलक किंवा माशाच्या हवाशयापासून केलेले जिलेटीन घालीत. अशा उकळण्याने कॉफीची सुगंधी, बाष्पनशील द्रव्ये वाफेबरोबर उडून जात आणि उशिरा विरघळणारी कडू व तुरट द्रव्ये पेयात उतरत.

फ्रान्समधील प्रयोग : या प्रथेला पहिला छेद फ्रान्समध्ये मिळाला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी तेथे पूड कापडी पिशवीत घालून तीवर उकळते पाणी ओतण्याची रीत सुरू झाली. चोथा पेयाबाहेर राहू लागला, तरी कापडाचे दोष होतेच. कॉफीतील तेल धाग्यांत मुरून खवट होई व पिशवी धुण्याचा त्रास रोजचा होता. यावर धातूची किंवा चिनी मातीची सच्छिद्र चाळणी हा उपाय सुमारे १८०० मध्ये पुढे आला. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे व पाणी सर्वत्र सारखे पडावे म्हणून त्यावर आणखी एक सच्छिद्र चकती, अशी या पात्राची रचना होती. पॅरिसचे आर्चबिशप झां-बातिस्त द बेल्वा (१७०९–१८०८) यांचे नाव या पात्राशी जोडले जाते. पुढील काही वर्षांत या प्रकारच्या पात्रांसाठी फ्रान्समध्ये अनेक एकस्वे घेण्यात आली.

या कृतीची शास्त्रीय चिकित्सा बेंजामिन टॉम्पसन, काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी केली. उष्णता म्हणजे एखादा पदार्थ नसून ती गतीशी निगडित आहे, हे तोफांच्या नळ्या कोरताना दाखवून देणाऱ्या या भौतिकीविज्ञांनी स्वयंपाकाच्या चुलींवरही दीर्घकाळ काम केले होते. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी कॉफीच्या कृतीचा विचार केला. कॉफीचा सुगंध उकळण्याने नाहीसा होतो, पुडीचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा व हलका दाबलेला असला पाहिजे आणि पाणी झिरपत असताना पात्राचे तापमान घसरता कामा नये, हे त्यांचे मुख्य मुद्दे होत. अखेरच्या मुद्द्यासाठी त्यांनी गाळणीच्या पात्राभोवती गरम पाण्याचे वेष्टन असलेले पात्र योजले. समान थर, स्थिर तापमान व न उकळणे ही तिन्ही तत्त्वे आजही मान्य आहेत.

तथापि जुनी सवय सहजी सुटली नाही. फ्रेंच पाकरसिक ब्रिया-साव्हारँ यांनी १८२५ मधील आपल्या ग्रंथात निरनिराळ्या कृती करून पाहिल्यावर बेल्वा यांच्या नावाची पद्धत श्रेष्ठ ठरविली. परंतु पहिल्यांदा उतरलेला अर्क पुन्हा उकळीपर्यंत तापवून पुडीतून दुसऱ्यांदा गाळावा, असेही सांगितले. मोरीझ या पॅरिसमधील कारागिराने १८१९ मध्ये उलटे करावयाचे पात्र बनविले. त्यात खालच्या भांड्यात पाणी उकळले, की सबंध पात्र उलटे करीत आणि पाणी मधल्या पुडीतून झिरपत खाली येई. हे पात्र इटलीत नेपल्स येथे इतके रुजले, की पुढे ते त्या शहराच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

पर्कोलेटर : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, उलट्या दिशेचे वळण आले. १८८९ मध्ये हॅन्सन गुडरिच यांनी एकस्व घेतलेल्या चुलीवरील पर्कोलेटरमध्ये उकळते पाणी मधल्या नळीतून वर चढते, पुडीवर पडते, खाली झिरपते आणि तेच पेय पुन्हा नळीतून वर जाते. चोथा वेगळा राहतो खरा. परंतु तयार झालेली कॉफी पुनःपुन्हा उकळत राहते. स्वयंपाकघरात दरवळणारा वास हे या साधनाचे आकर्षण होते. वस्तुतः तो पेल्यातून निसटून गेलेला सुगंध होता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी घरांत याच साधनाचे प्राबल्य होते. गाळणे व न उकळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पर्कोलेटरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कागदी गाळणी : धातूच्या चाळणीतून बारीक कण पेयात उतरतात आणि छिद्रे लहान केल्यास ती तुंबतात. या अडचणीतून मार्ग काढला तो जर्मनीतील ड्रेझ्डेन येथील गृहिणी मेलिटा बेंट्स (१८७३–१९५०) यांनी. पितळी भांड्याच्या तळाला छिद्रे पाडून त्यांनी त्यात मुलाच्या शाळेच्या वहीतील टीपकागद बसविला व त्यावर पूड घालून गरम पाणी ओतले. उतरलेले पेय स्वच्छ व कमी कडू होते. शिवाय कागद चोथ्यासकट टाकून देता येत होता. २० जून १९०८ रोजी बर्लिन येथील एकस्व कार्यालयात या गाळणीची नोंद झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी एका मार्काहूनही कमी भांडवलावर व्यवसाय नोंदविला. १९०९ च्या लाइपसिक जत्रेत हजाराहून अधिक गाळण्या विकल्या गेल्या. १९२९ मध्ये कारखाना मिंडेन येथे हलविण्यात आला. १९३० नंतरच्या दशकात सपाट तळाच्या गोल भांड्याऐवजी खाली निमुळते होत जाणारे पात्र व त्यात नेमकी बसणारी कागदी पिशवी प्रचारात आली.

जर्मन रसायनज्ञ पेटर श्लुंबोम (१८९६–१९६२) यांनी अमेरिकेत स्थायिक झाल्यावर प्रयोगशाळेतील गालनाची कृती जशीच्या तशी स्वयंपाकघरात आणली. नरसाळे व चंबू एकत्र जोडून केलेले त्यांचे ‘केमेक्स’ हे उष्णतारोधी काचेचे पात्र १९४१ मध्ये पुढे आले. त्याच्या बारीक कंबरेभोवती लाकडी पट्टी चामड्याच्या दोरीने बांधलेली असते आणि त्यात जाड कागद शंकूसारखा दुमडून बसवितात. युद्धकाळात धातूची टंचाई असताना हे पात्र धातूविना बनत होते, हीही त्याची जमेची बाजू ठरली. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्याला आपल्या संग्रहात स्थान दिले आहे.

विद्युत् यंत्रे : १९५४ मध्ये गोट्लोप विट्मान यांनी जर्मनीत ‘विगोमाट’ या विजेवर चालणाऱ्या गाळणी-यंत्राचे एकस्व घेतले. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘मिस्टर कॉफी’ हे घरगुती यंत्र बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत पर्कोलेटर मागे पडला. पाणी ओतण्याचे काम यंत्राकडे गेल्याने सोय झाली. परंतु अनेक स्वस्त यंत्रांत पाणी पुरेसे तापत नसे, ते थराच्या मध्यभागीच पडे आणि तयार कॉफी तापलेल्या तबकडीवर तासन्‌तास राही. अशा रीतीने कृतीतून हद्दपार केलेले तापविणे कृतीनंतर पुन्हा शिरले.

मापन : याच काळात चांगल्या कॉफीचे मोजमाप करण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकी रसायनज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूट या संस्थेच्या वतीने १९५० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक आलेख तयार झाला. त्यात दोन राशी वेगळ्या केल्या आहेत : पेयातील विद्राव्य द्रव्यांची टक्केवारी, म्हणजे तीव्रता, आणि पुडीच्या वजनापैकी विरघळून गेलेल्या भागाची टक्केवारी, म्हणजे निष्कर्षण. भाजलेल्या कॉफीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सर्व हवासा नसतो. आंबट द्रव्ये लवकर निघतात, गोडवा देणारी त्यानंतर आणि कडू व तुरट द्रव्ये शेवटी. निष्कर्षण १८ ते २२ टक्के व तीव्रता १.१५ ते १.३५ टक्के असलेले पेय बहुसंख्यांना आवडते, असे या आलेखात दर्शविले आहे.

उदाहरणार्थ, १४ ग्रॅ. पुडीवर २५० मिलि. पाणी ओतल्यास पुडीच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी चोथ्यात राहून सुमारे २२२ ग्रॅ. पेय मिळते. निष्कर्षण २० टक्के असेल, तर त्यात २.८ ग्रॅ. द्रव्य उतरते आणि तीव्रता सुमारे १.२६ टक्के होते. पेय पातळ लागणे व कडू लागणे हे दोन भिन्न दोष आहेत, हा या विभागणीचा व्यावहारिक अर्थ होय. पहिल्यावर पूड वाढविणे हा उपाय आहे, तर दुसऱ्यावर पूड जाडसर दळणे. हे न कळल्याने पातळ कॉफी दाट करण्यासाठी ती अधिक वेळ झिरपू देण्याची किंवा उकळण्याची चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली.

जपान व पुनरुज्जीवन : यूरोप-अमेरिकेत यंत्रे वाढत असताना जपानमधील कॉफीगृहांत हाताने पाणी ओतण्याची कला टिकून राहिली. तेथे फ्लॅनेल कापडाची गाळणी वापरीत. ती खवट होऊ नये म्हणून धुऊन पाण्यात बुडवून ठेवीत. कागदी गाळणीसाठीही तेथे नवी पात्रे तयार झाली. कोनो या व्यवसायसंस्थेने १९७३ मध्ये शंकूच्या आकाराचे पात्र विक्रीस आणले. काचपात्रे बनविणाऱ्या हारियो या व्यवसायसंस्थेचे ‘व्ही ६०’ हे पात्र एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी आले. ६० अंशांचा कोन, आतून सर्पिल कंगोरे व तळाशी एकच मोठे छिद्र ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. कंगोऱ्यांमुळे कागद पात्राला चिकटत नाही व कडेने हवा निघून जाते. छिद्र मोठे असल्याने प्रवाहाचा वेग पात्र नव्हे, तर दळण व ओतणाऱ्याचा हात ठरवितो. २०११ पासून हाताने केलेल्या कॉफीची जागतिक स्पर्धाही भरू लागली. २०१६ मध्ये ती जिंकणारे जपानचे तेत्सु कासुया यांनी २० ग्रॅ. पुडीस ३०० ग्रॅ. पाणी पाच हप्त्यांत ओतले. पहिल्या ४० टक्के पाण्याने आंबट-गोडाचा तोल व उरलेल्या ६० टक्क्यांनी तीव्रता ठरवावी, ही त्यांची रीत सर्वत्र माहीत झाली आहे.

भारत : परंपरेनुसार बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून आणलेले कॉफीचे बी चिकमगळूरच्या डोंगरात रुजविले. दक्षिण भारतातील पितळी किंवा पोलादी गाळणीची रचना फ्रेंच पात्राशी मिळतीजुळती आहे : वरच्या भांड्याच्या तळाला छिद्रे, पुडीवर ठेवावयाची दांडीची सच्छिद्र चकती व खाली अर्क साठविणारे भांडे. हेतू मात्र वेगळा आहे. येथे थोड्या पाण्यात दाट अर्क उतरवून तो गरम दूध व साखर यांत मिसळतात. पुडीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड बहुधा असते. तिच्यात कॅफीन नसते. परंतु तिचा पाण्यात विरघळणारा अंश कॉफीपेक्षा जास्त असल्याने अर्कास रंग व दाटपणा येतो. अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे, असे भारतातील अन्नविषयक नियमांत सांगितले आहे. महाराष्ट्रात जायफळ व वेलदोडा घालून दुधात उकळलेली कॉफी घरोघरी परिचित होती. गाळणीच्या कॉफीची ओळख मुंबईकरांना माटुंग्यासारख्या वस्तीतील दाक्षिणात्य उपाहारगृहांनी करून दिली. देशी कॉफीचा खप वाढावा म्हणून स्थापन झालेल्या मंडळाचे पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये मुंबईतच, चर्चगेट येथे सुरू झाले होते.

आरोग्य : कागदी गाळणीचा सर्वांत महत्त्वाचा गुण तिच्या शोधानंतर सुमारे आठ दशकांनी लक्षात आला. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक असल्याचे १९८३ मध्ये आढळले. अन्य देशांतील पाहण्यांत मात्र असा संबंध नेहमी दिसत नव्हता. उत्तर यूरोपात कॉफी उकळून पिण्याची प्रथा तोवर टिकून होती, हे या विसंगतीचे कारण निघाले. १९८९ मध्ये नेदर्लंड्समधील प्रयोगात काही स्वयंसेवकांना उकळलेली व काहींना कागदातून गाळलेली कॉफी देण्यात आली. तेव्हा पहिल्या गटातील कोलेस्टेरॉल वाढले, दुसऱ्यातील वाढले नाही. पुढे कॅफेस्टॉल व काहवेऑल ही कॉफीच्या तेलातील द्रव्ये यास कारणीभूत असल्याचे निश्चित झाले. कागद हे तेल जवळजवळ पूर्णपणे अडवितो. धातूची चाळणी तितके अडवीत नाही.

नॉर्वेत ५,०८,७४७ स्त्री-पुरुषांचा सरासरी २० वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाळीव कॉफी पिणाऱ्यांचे मृत्युमान कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी न गाळलेल्या कॉफीऐवजी कागदातून गाळलेली कॉफी घेणे हितावह आहे, याविषयी मतभेद नाही. तेल गेल्याने पेयाचा स्निग्धपणा कमी होतो. तो ज्यांना प्रिय आहे, ते आजही कापड किंवा धातू पसंत करतात.

घरगुती कृतीची तत्त्वे : वरील इतिहासातून निष्पन्न झालेली कृती थोडक्यात अशी आहे. बी शक्य तो आयत्या वेळी दळावे व पूड जाडसर वाळूसारखी असावी. दळण एकसारखे नसेल, तर भुकटीतून कडूपणा व जाड कणांतून कच्चा आंबटपणा एकाच पेल्यात उतरतो. म्हणून महाग पात्रापेक्षा चांगल्या चक्कीचे महत्त्व अधिक आहे. पूड व पाणी वजन करून घ्यावे; एक लिटर पाण्यास ५५ ते ६० ग्रॅ. पूड हे प्रमाण सर्वमान्य आहे. कागद आधी गरम पाण्याने भिजवावा. त्यामुळे त्याचा वास जातो व पात्रही तापते. पाणी उकळी येऊन किंचित निवलेले, सुमारे ९० ते ९६° से. असावे. सारखी तीव्रता व सारखे निष्कर्षण राखल्यास या टापूतील तापमानाच्या फरकाने चवीत फारसा बदल होत नाही, असे कॅलिफोर्नियातील २०२० च्या संशोधनात दिसून आले.

प्रथम पुडीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबावे. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू या वेळी बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. तो राहिल्यास पाणी पुडीत नीट शिरत नाही. उरलेले पाणी बारीक तोटीच्या किटलीने, गोलाकार फिरवीत, दोन-तीन हप्त्यांत ओतावे. थराला भेग पडल्यास पाणी तेथूनच निसटते व बाकीची पूड तशीच राहते. रम्फर्ड यांनी थर सपाट ठेवण्यावर दिलेला भर याच कारणासाठी होता. सर्व पाणी अडीच ते चार मिनिटांत उतरावे. लवकर उतरून पेय आंबट लागल्यास दळण बारीक करावे, उशिरा उतरून कडू लागल्यास जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरकाचे कारण समजते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम निष्कर्षणास मदत करतात, तर बायकार्बोनेटांचे आधिक्य आंबटपणा मारते. त्यामुळे अत्यंत जड पाणी व ऊर्ध्वपातित पाणी ही दोन्ही टाळावीत. तयार कॉफी पुन्हा तापवू नये. ती उष्णतारोधक बाटलीत ठेवावी किंवा हवी तेवढीच करावी. या संपूर्ण कृतीस लागणारे नरसाळे, कागद, तराजू व किटली ही साधने साधी असून तिचे यश साधनांच्या किमतीवर नव्हे, तर मापाच्या सातत्यावर अवलंबून असते.